दोन छपरांचा बर्फ

हमा शहरात आसी नदीच्या काठचे रहाट दिवसरात्र कण्हत असतात. परगावच्या माणसाला त्या आवाजानं झोप लागत नाही, आणि हमाच्या माणसाला तो आवाज थांबला की जाग येते. शाकिर सुतार त्यातल्या सगळ्यांत मोठ्या रहाटाचं काम पाही. फळी कुजली, आस झिजली, पाण्याची पेटी निखळली की लोक त्याच्या नावानं हाका मारीत. चाळीस वर्षं तो हे करत आला होता. त्यातली तीस वर्षं, रोज तिसऱ्या प्रहरची नमाज झाली की नदीकाठच्या एका दगडावर बसून त्यानं वहीत एक ओळ लिहिली होती.

एकच ओळ, फार तर दोन. 'पश्चिमेचा वारा. नदी दोन बोटं चढली. रहाट ठीक.' 'धुकं. करकोचे आले.' 'ऊन. चांभाराची म्हातारी गेली, देव तिला क्षमा करो.' पाऊस पडला तर तो 'पाऊस' असं लिहीत नसे, 'दया झाली' असं लिही. गारांनी जर्दाळूचा अख्खा बहर झोडपून काढला त्या दिवशी त्यानं लिहिलं होतं, 'दया, जरा जोराची.' वरच्याची तक्रार कागदावर मांडू नये, असं त्याचं मत होतं. तोंडानं तो ती भरपूर करी.

घरातल्या बायकांची नावं मात्र त्यानं वहीत कधी घातली नाहीत. वही आज ना उद्या परक्याच्या हातात पडणार, त्यानं आपल्या बायकोलेकीचं नाव का वाचावं? हमाचे सगळेच भले लोक तसं करीत. बायकोला 'घर' म्हणत, शेजारणीला 'समोरचं घर', आणि तेवढ्यावर भागवत.

गल्लीत कुणालाच आपलं वय धड ठाऊक नव्हतं. कुणी टोळांच्या साली जन्मलेला, कुणी पुराच्या. त्यामुळे कशावरून वाद पेटला की शेवटी कुणीतरी म्हणे, "शाकिरची वही काढा." गाढव कधी मेलं, कुणाचा भाऊ हजहून कुठल्या वारी परतला, सगळं त्यात सापडे. आणि त्यावर पुढे कुणी बोलत नसे, कारण शाकिर एकदा लिहिलेल्या ओळीला पुन्हा हात लावत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. खोडणं नाही, मागाहून भर घालणं नाही.

त्याची एकुलती एक लेक नवार बर्फाच्या सालची. आई ती लहान असतानाच गेली. शाकिरनंच तिला वाढवलं, फळीवर खडूनं अक्षरं काढून वाचायला शिकवलं, फक्त वह्यांच्या पेटीची किल्ली तेवढी दिली नाही. आता तिचं लग्न समोरच्या ताहिर रंगाऱ्याच्या राग़िबशी ठरलं होतं. दोन दारांच्या मधे बारा पावलांची गल्ली. शाकिर भेटेल त्याला सांगे, "पोरगी सासरी कुठं जातेय, नुसता उंबरा बदलतेय." हे तो इतक्यांदा सांगे, की त्याला स्वतःचीच समजूत घालायची आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येई.

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा गल्लीतल्या बायका नवरीला न्हायला हमामात घेऊन गेल्या. अशा वेळी बायका संध्याकाळपर्यंत परतत नाहीत. गाणी, मेंदी, अक्रोड आणि मनुका, आणि जगाची उणीदुणी. नवार दुपारीच परतली. केस ओले, अंगावर चादर कशीबशी गुंडाळलेली.

"इतक्यात आलीस?" शाकिरनं विचारलं. तो अंगणात पटाशीला धार लावत होता.

"बाबा, मी राग़िबची दूधबहीण आहे का?"

पटाशी थांबली. "कोण म्हणतं?"

"उम्म बरकात. सगळ्यांच्या देखत. मला साबण लावता लावता म्हणाली, बघा गं, सबीहाच्या अंगावर प्यायलेली पोर सबीहाच्याच घरी सून म्हणून चालली. एकदम सगळ्या गप्प झाल्या, बाबा. कुणी माझ्याकडे बघेना."

उम्म बरकात ही गल्लीची सुईण. पंचाहत्तरीची, पण अजून पायानं भक्कम आणि जिभेनं त्याहून. तिनं वाईट हेतूनं काही म्हटलं नव्हतं. जुनी गोड आठवण म्हणून सांगायला गेली आणि दुधात मिठाचा खडा पडला. सबीहा म्हणजे राग़िबची आई, चार वर्षांपूर्वी वारलेली. आणि एका बाईच्या अंगावर प्यायलेली मुलं भावंडं होतात, त्यांचं लग्न लागत नाही, हे हमात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"म्हातारी काहीही बोलते," शाकिर म्हणाला.

"मग तुमचा हात का थांबला?"

तो उठून तिला टॉवेल आणून द्यायला गेला, आणि आत जाऊन बराच वेळ नुसता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मशिदीचे इमाम शेख महजूब स्वतः आले. बरोबर ताहिर रंगारी, कोपरापर्यंत निळे हात घेऊन, आणि उम्म बरकात. शाकिरनं कॉफी ठेवली. नवार पडद्यामागे बसली.

"उस्ताद," शेख म्हणाले, "मला तरी काय हौस आहे? पण निकाह लावायचा तर डोळे उघडे ठेवून लावावा लागतो. बाई सांगते तिनं पाहिलंय."

"या डोळ्यांनी," उम्म बरकात म्हणाली. "खोटं बोलून मी कुठं जाणार, कबरीत एक पाय आहे माझा. बर्फ पडला होता. रहाट थांबले होते, गावात कशी स्मशानशांतता. शाकिरची बायको हफीजा तापानं फणफणलेली, आणि सबीहा भिंतीला टेकून शाकिरच्या बाळाला पाजत होती. मीच दिलं तिच्या मांडीवर. आता शाकिरला लेकरू कितीसं? ही एकच. मग ते बाळ काय शेजारच्या गावचं होतं?"

"ताहिर, तुला काय आठवतं?"

"बर्फ आठवतो," ताहिर म्हणाला. "शेख, मला आठ पोरं झाली. कुठलं कधी झालं हे मला सबीहा सांगायची, तेव्हा मी मान डोलवायचो. निम्मं आयुष्य माझं खेचरांच्या मागे रस्त्यावर गेलं." मग हळूच विचारलं, "समजा, एकदाच पाजलं असेल तर?"

"एक घोट पोटात गेला तरी पुरे," शेख म्हणाले. "उस्ताद, वही काढा. तुमच्या वहीत असेल ते मला मान्य."

"शोधावी लागेल," शाकिर म्हणाला. "तीस वह्या आहेत."

हे चक्क खोटं होतं. तीसही वह्या पेटीत ओळीनं लावलेल्या होत्या, कुठल्या वर्षाची कुठं हे त्याला अंधारातही सांगता आलं असतं. पडद्यामागे नवारला ते ठाऊक होतं. माणसं गेल्यावर ती बाहेर आली आणि बापाकडे न बघता कॉफीच्या वाट्या गोळा करत राहिली.

खरी गोष्ट अशी होती, की म्हातारीनं काय पाहिलं हे शाकिरला पक्कं माहीत होतं. हमात बर्फ दोनदा पडला होता. एकदा नवार झाली तेव्हा, आणि पुन्हा चार वर्षांनी. लोकांनी दोन्ही मिळून एकच 'बर्फाचं साल' करून टाकलं होतं, कारण दुसऱ्या बर्फानंतर लगेच गल्लीत गोवर आला, अकरा मुलं गेली, आणि त्या हिवाळ्याची आठवण कुणालाच नको झाली. शाकिरला तर मुळीच नको होती. ती वही त्यानं पेटीत तळाशी घातली होती आणि चौदा वर्षांत उघडली नव्हती. आताही ती न उघडता भागलं तर बरं, असं त्याला वाटत होतं. म्हणून त्यानं फक्त पहिल्या बर्फाची वही काढली, आणि मनात म्हणाला, एवढ्यानं भागेल.

चौथ्या दिवशी सगळे पुन्हा जमले. शाकिरनं वही गुडघ्यावर ठेवून वाचलं.

"'बर्फ, गुडघ्याच्या वर. रहाट गोठले. घरात एक जीव वाढला, दोघी सुखरूप. दोन छपरांचा बर्फ ओढला, आपल्या आणि ताहिरच्या. त्याची माणसं मस्याफला माहेरी, दाराला कुलूप.'" त्यानं पान उलटलं. "'बर्फ. पुन्हा दोन छपरं.' 'बर्फ. दोन छपरं. पाठ धरली.' हे असं सहा दिवस. मग वितळला. मग बाविसाव्या दिवशी, 'ऊन. ताहिरची माणसं आली, मस्याफचे अंजीर दिले.'"

"अरे हो," ताहिर म्हणाला. "आमचं छप्पर मातीचं. कुणी बर्फ ओढला नसता तर बसलंच असतं. तू ओढलास? मला कधी बोलला नाहीस."

"त्यात बोलायचं काय?"

पडद्यामागून आवाज आला, "बाबा, 'एक जीव वाढला', तो मी?"

"तूच."

"बर्फ आधी आणि मी नंतर."

"बर्फ आधी पडला होता," शाकिर म्हणाला. शेखांनी हसू दाढीत लपवलं.

पण ते फार वेळ टिकलं नाही. उम्म बरकातच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "म्हणजे मी खोटी," ती म्हणाली. "पन्नास वर्षं या गल्लीची बाळं माझ्या हातात आली, आणि आता मी खोटी. मी पाहिलंय, शेख. कुराणावर हात ठेवते."

शेख तिच्याकडून शाकिरकडे वळले. "उस्ताद, तुमची ओळ खोटी नाही. पण ही बाईही खोटी नाही, मी तिला लहानपणापासून ओळखतो, मलाही हिनंच बाहेर काढलंय. तिनं बर्फात तुमचं बाळ सबीहाच्या मांडीवर पाहिलं. ते कधी, कुठलं, हे मला कळायला हवं. नाहीतर मी या निकाहवर हात ठेवणार नाही. उद्या या दोघांना मुलं झाली आणि मागून काही निघालं, तर त्या मुलांना कुठं नेऊ?"

पडद्याची कड धरलेली नवारची बोटं शाकिरला दिसत होती. मेंदी अजून ताजी होती. त्याला वाटलं, आपण चौदा वर्षं एक दार ओढून धरलं, आणि त्या दारात पोरीचंच बोट सापडलं.

"दुसरी वही आहे," तो म्हणाला.

तो आत गेला. पेटीच्या तळातून वही काढून आणली. कव्हरला वाळवी लागली होती, आतलं शाबूत होतं. बसला, घसा साफ केला आणि वाचू लागला.

"'बर्फ, पहाटेपासून. रहाट थांबला. घराला मुलगा झाला. घराला ताप.'

"'बर्फ. ताप. समोरचं घर आलं, दोन वेळा.'

"'बर्फ. घर गेलं. जमीन इतकी कठीण की कुदळ वाजत होती. चौघांनी खणली, दुपार झाली.'

"'बर्फ थांबला. पाहुणा रडतो. समोरचं घर आलं, पाच वेळा. देव त्यांचं भलं करो.'

"'कडक थंडी. समोरचं घर, सहा वेळा. पाहुणा झोपला.'

"'ढग. समोरचं घर, सहा वेळा.'

"'वितळू लागला. सातवा दिवस. पाहुण्याचं नाव ठेवलं.'"

उम्म बरकातनं दोन्ही हात तोंडावर घेतले होते. "मुलगा होता," ती पुटपुटली. "मुलगाच होता तो. दोघांना मीच बाहेर काढलं, आणि म्हातारपणी दोघांचं एक करून बसले. शाकिर, बाळा, मला क्षमा कर."

"कळलं, उस्ताद," शेख हलकेच म्हणाले. "पुढचं वाचायला नको."

पण शाकिर थांबला नाही. इतकी वर्षं बंद ठेवलेलं, आता अर्ध्यात मिटणं त्याला जमेना. एकेक ओळ तो वाचत गेला. वारा, नदी किती बोटं, समोरचं घर किती वेळा. एकदा 'पाहुणा हसला, बहुधा.' एकदा 'पाहुण्याला खोकला.' मग नुसती हवा आणि खोकला. शेवटच्या ओळीला त्यानं वही जरा लांब धरली.

"'ऊन. नदी चार बोटं चढली. रहाट चालू झाला. समोरचं घर आलं होतं, दारातून परत गेलं.'"

त्यानं वही मिटली. नदीवरून रहाटाचं कण्हणं येत होतं, रोजच्यासारखं.

शेखांनी दाढीवरून हात फिरवला. "दुधाचं नातं पिणाऱ्याला लागतं," ते म्हणाले. "सबीहाची मुलं त्या बाळाची भावंडं झाली. त्याच्या बहिणीची नाही. नवार मोकळी आहे. गुरुवारी निकाह, ठरल्याप्रमाणे."

ताहिर आपल्या निळ्या हातांकडे बघत होता. "म्हणजे मला आठ नाहीत," तो म्हणाला. "नऊ. आणि नवव्याच्या मातीलाही मी गेलो नाही."

"तू अलेप्पोच्या वाटेवर होतास," शाकिर म्हणाला. "वहीत आहे."

माणसं गेली. नवार पडदा सारून बाहेर आली आणि बापासमोर जमिनीवर बसली.

"मला भाऊ होता."

"चाळीस दिवस."

"मी कुठं होते?"

"होम्सला, मावशीकडे. तुला परत आणलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. तू दारातच विचारलंस, आई कुठंय. तेवढं सांगतानाच माझा जीव गेला, पोरी. दुसरं सांगायला अंगात काही उरलंच नाही. मग रोज वाटायचं, उद्या सांगू."

तिला राग आला होता. चौदा वर्षं एका माणसाबरोबर एका ताटात जेवायचं आणि त्यानं एवढं पोटात ठेवायचं, याचा राग. तो राग घेऊन ती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि पाहता पाहता तिला दिसलं की म्हातारा मिटलेल्या वहीवरची वाळवीची माती अंगठ्यानं पुन्हा पुन्हा पुसतोय. तिनं वही त्याच्या हातातून घेतली आणि बाजूला ठेवली.

"नाव काय ठेवलं होतं? वहीत नाही."

"फार अशक्त होता. असल्या जिवाचं नाव कागदावर घातलं तर दृष्ट लागेल, असं वाटलं. म्हटलं, धड बाळसं धरू दे, मग लिहू." तो थांबला. "यहया."

यहया म्हणजे जगणारा. नवारनं ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

"आता लिहा ना, बाबा. सातव्या दिवसाच्या ओळीपुढे जागा आहे."

"जुन्या ओळीला हात लावायचा नाही."

"एक शब्द."

"एक शब्दही नाही. आज एक घातला तर उद्या कोण वहीवर विश्वास ठेवेल? तुझं लग्न कशावर तरलं, विसरलीस?"

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

गुरुवारी दुपारी निकाह झाला. बायकांनी जिभा हलवून अशी किलकारी उठवली की छपरांवरची कबुतरं उडाली. उम्म बरकात नवरीच्या पुढे चालत होती, हातात मिठाची वाटी घेऊन, नजर उतरवत. आज तिच्या तोंडाचा पट्टा बंद होता, फक्त रडत होती. शाकिर आपल्या दारात उभा राहून पाहत होता. नवारनं समोरचा उंबरा ओलांडण्याआधी मागे वळून बघितलं. बारा पावलं होती. आजवर त्यानं लोकांना सांगितलं होतं त्याहून ती खूपच लांब होती.

तिसऱ्या प्रहरची नमाज झाली. शाकिर नदीकाठी आपल्या दगडावर जाऊन बसला. दौत उघडली, वही गुडघ्यावर घेतली आणि नेहमीसारखी हवा लिहिली. मग बोरू शाईत बुडवून हातात धरून ठेवला. शाई टोकावर वाळली. त्यानं पुन्हा बुडवला. काठावर कपडे धुणाऱ्या बायका उठून घरी गेल्या, तरी तो तसाच बसला होता.

शेवटी त्यानं लिहिलं. शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली आणि उघडीच घेऊन गल्लीत आला. सासरी गेलेल्या पोरीकडे पहिल्या दिवशी बापानं जायचं नसतं, गल्ली हसेल, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ताहिरच्या दाराची कडी वाजवली.

दार नवारनंच उघडलं. अंगावर अजून नवरीचे कपडे, कानाशी जर्दाळूची फुलं.

"बाबा? काय झालं?"

त्यानं वही तिच्या हातात दिली. "वाच," तो म्हणाला. "डोळ्यांनी वाच, मोठ्यानं नको."

तिनं वाचलं. 'ऊन. वारा नाही. नदी एक बोट उतरली. रहाट ठीक. आज यहयाची बहीण नवार समोरच्या घरी गेली.'